नवा जोडलेला कॉम्प्युटर चालूच होत नाही, तेव्हा कुठून सुरुवात करायची

सगळे पार्ट जोडून झाले, कॅबिनेटचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. किंवा पंखे फिरले, पण मॉनिटर काळाच. नव्या असेंब्लीत हे नेहमी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नवा पार्ट मुळातच खराब निघणं तसं विरळ. बहुतेक वेळा एखादी केबल अर्धीच बसलेली असते, रॅम एका टोकाला वर राहिलेली असते, नाहीतर मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, प्रोसेसरपेक्षा जुना असतो. खरं नुकसान होतं ते घाईत. चार गोष्टी एकदम बदलल्या की मूळ चूक कुठली होती ते कळत नाही आणि एखादी नवी चूक वाढलेली असते. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि दर बदलानंतर बटण दाबून बघायचं.

आधी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. केबल, रॅम किंवा कार्ड काढताना-घालताना मशीनची पिन, म्हणजे वीजेचा प्लग, भिंतीवरच्या बोर्डातून बाहेर हवी. पिन काढल्यावर कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. दुसरं, एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा उघडायचा नाही. वीज तोडल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब बराच वेळ राहू शकतो.

मशीन कुठवर जाऊन थांबते?

हे नीट पाहिलं तर निम्मं काम झालं. एकही दिवा लागत नाही, पंखा हलत नाही, तर वीज पोचत नाही किंवा बटणाचा इशारा मदरबोर्डपर्यंत जात नाही. पंखा अर्धा सेकंद हलून गप्प होतो, तर कुठंतरी शॉर्ट असण्याची शंका घ्या. पंखे फिरत राहतात पण डिस्प्ले नाही, तर रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड किंवा बायोसकडं बघायचं. आणि बोर्डाच्या कंपनीचा लोगो दिसून पुढं अडत असेल, तर मशीन धडधाकट आहे, काम फक्त डिस्कचं किंवा विंडोजचं उरलंय.

काहीच हालचाल नसेल तर

भिंतीपासून आत या. त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. एसएमपीएसच्या मागं छोटा खटका असतो, त्यावर रेघेची बाजू दाबलेली हवी, गोलाची नव्हे. हा खटका बंद राहिल्यामुळं दुकानापर्यंत नेलेल्या मशीन कमी नाहीत. काही जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसला ११५ आणि २३० असा लाल सरकता खटका असतो, तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपल्याकडची वीज दिली की एसएमपीएस जळतो. पॉवर केबल मागच्या बाजूनं घट्ट बसलीय का तेही बघा, नव्या केबलला शेवटचे तीन-चार मिलिमीटर जोर लावावा लागतो.

तपासताना मशीन यूपीएसवर नको, थेट भिंतीवर लावा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ग्राफिक्स कार्डवाली मशीन त्यावर लोड पडताच बंद पडू शकते आणि आपण उगाच मदरबोर्डवर संशय घेत बसतो.

अर्थिंगचा विषय आपल्याकडं टाळून चालत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्तीतलं घर असेल, तर सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागं अर्थिंगची वायर जोडलेली आहेच, असं समजू नका. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असंच धरा. एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणारा थोडासा करंट जमिनीत जायला वाट मिळत नाही, म्हणून तो पत्र्यावर जाणवतो. तेवढ्यानं मशीन चालू व्हायची थांबत नाही, पण पिन लावलेली असताना त्या पत्र्याला धरून आत हात घालणं धोक्याचं आहे. वायरमनला बोलवून मल्टीमीटरनं मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. उद्यमनगरात वर्कशॉपच्या मीटरवरच कॉम्प्युटर ठेवला असेल, तर वेल्डिंग मशीनच्या बोर्डावरून त्याला वीज देऊ नका.

वीज ठीक असेल तर पुढचा संशयित म्हणजे कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर. मदरबोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन ओळींत नऊ पिना असतात. एका ओळीत पाच, दुसरीत चार, कारण तिथली टोकाची एक पिन मुद्दाम गाळलेली असते. त्या मोकळ्या जागेला लागून त्याच ओळीत ज्या दोन पिना आहेत, त्या पॉवर स्विचच्या. बऱ्याच बोर्डांवर मांडणी हीच असते, तरी आपल्या बोर्डाचं पुस्तक उघडून खात्री करा. पॉवर स्विचच्या वायरला उलट-सुलट नसतं, एलईडीच्या वायरला असतं. कनेक्टर एक पिन सरकून बसला की बटण मेलेलंच.

बटण तपासायची सोपी युक्ती आहे. कनेक्टर काढा, वीज चालू करा आणि सपाट स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. धरून ठेवायचं नाही, नुसतं टेकवून काढायचं. मशीन चालू झाली तर बोर्ड ठीक आहे, दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत.

आता मोठ्या केबल. २४ पिनचा रुंद कनेक्टर बोर्डाच्या उजव्या कडेला आणि ४+४ पिनचा प्रोसेसरचा कनेक्टर वरच्या डाव्या कोपऱ्यात. दुसरा हमखास विसरला जातो, कारण तो कूलर आणि कॅबिनेटच्या छताच्या मधल्या चिंचोळ्या जागेत असतो. ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनची केबल दिसायला तशीच, पण तिच्या भोकांचे आकार वेगळे असतात. बसत नसेल तर दाबू नका, ती चुकीची केबल आहे. २४ पिनचा कनेक्टर बसताना त्याची पट्टी सॉकेटच्या ओठावर अडकून ‘खट्’ असा आवाज येतो. कडेनं बघा. एका टोकाला फट दिसत असेल तर तो बसलेला नाही, मग वरून कितीही घट्ट वाटो. बोर्ड वाकू नये म्हणून खालून बोटांचा आधार देऊन दाबा.

मॉड्यूलर एसएमपीएस असेल, म्हणजे ज्याच्या केबल त्याच्या बाजूनंही सुटतात, तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा. एसएमपीएसच्या टोकाची पिनरचना कंपनीनुसार, कधी मॉडेलनुसारही बदलते. मित्राकडची केबल बसते, पण १२ व्होल्ट भलत्याच ठिकाणी जाऊन डिस्क किंवा बोर्ड जळतो.

एसएमपीएसची स्वतंत्र चाचणीही होते. पिन काढून त्याच्या सगळ्या केबल पार्टांपासून सोडवा. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि लगतची काळी वायर स्टेपलरच्या पिनेनं किंवा पेपरक्लिपनं जोडा, मग वीज चालू करा. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान जागा आहे. काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, तेव्हा एक कॅबिनेट फॅन त्याच्या केबलला जोडून बघा. मल्टीमीटर असेल तर पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. सगळ्या वायरी काळ्या असतील तर आकृती समोर असल्याशिवाय हे करू नका, दुकानात टेस्टरवर दोन मिनिटांत होतं.

पंखा हलतो आणि लगेच थांबतो

एसएमपीएसला शॉर्ट जाणवला की तो स्वतःला बंद करतो. एकदा असा बंद झाला की मागचा खटका पाडून अर्धा मिनिट थांबल्याशिवाय पुन्हा उठत नाही, हे माहीत नसलं की मशीन आता पूर्णच गेली असं वाटतं.

कारण बहुधा मदरबोर्डच्या खाली असतं. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट टेकू नये म्हणून खाली पितळी स्टँडऑफ, म्हणजे छोटे खांब लावतात. जिथं बोर्डाला भोक आहे तिथंच स्टँडऑफ हवा. मोठ्या बोर्डासाठी आधीच लावलेला एखादा जास्तीचा स्टँडऑफ छोट्या बोर्डाखाली तसाच राहिला, की तो मागच्या सोल्डरिंगला टेकतो. खाली पडून हरवलेला स्क्रूही तेच करतो. बोर्डाची भोकं मोजा, स्टँडऑफ मोजा, आकडे जुळले पाहिजेत. मागच्या पोर्टांच्या पत्र्याची पाकळी यूएसबी किंवा लॅनच्या भोकात वाकून शिरलीय का तेही बघा.

आणखी एक कारण ८ पिनच्या (४+४) प्रोसेसर केबलचं, ती नसली तरी काही बोर्ड असाच झटका देऊन थांबतात.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून इथं सावकाश.

मॉनिटरची केबल कुठं लावलीय? ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्याच पोर्टला हवी, वरच्या बोर्डाच्या पोर्टला नव्हे. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते पाहा. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल, जसा आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. पोर्ट बोर्डावर दिसतो म्हणून तो चालेलच असं नाही. मॉनिटरच्या मेन्यूत एचडीएमआय-१ की २ निवडलंय तेही पाहून घ्या.

डीडीआर५ रॅम असेल तर थांबायला शिका. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमचं टायमिंग जुळवत बसतो. यात काही मिनिटं जातात, एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट, आधीचं एएम४) बोर्डावर आणि मोठ्या रॅमला कधी दहा-पंधरा मिनिटंही. तोवर स्क्रीन काळी आणि रॅमचा दिवा लागलेला. दोन मिनिटांत कंटाळून बटण दाबून बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात लावू नका.

मग बोर्डावरचे चार बारीक दिवे बघा. नव्या बोर्डांवर ते बहुधा २४ पिनच्या जवळ असतात आणि बाजूला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असं छापलेलं असतं. चालू होताना ते एकामागून एक लागून विझतात, जिथं एखादा अडून राहतो तिथं अडचण आहे. तुमच्या बोर्डावर दिवे नसतील तर छोटा बीप स्पीकर घेऊन बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांना लावा. किती लांब, किती आखूड बीप म्हणजे काय, हे बोर्डागणिक वेगळं असतं, त्याच्या पुस्तकातला तक्ता बघा.

डीरॅमवर अडलं असेल तर सगळी रॅम काढा आणि एकच कांडी प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. दोन कांड्या असतील तर दुसरा आणि चौथा स्लॉट. बसवताना स्लॉटचं कुलूप पूर्ण उघडा, खाच जुळवा, आणि दोन अंगठ्यांनी दोन्ही टोकं वेगवेगळी दाबा. कुलूप असलेल्या प्रत्येक टोकाला वेगळा ‘टक्’ यायला हवा. बऱ्याच बोर्डांत कुलूप एकाच बाजूला असतं, आणि तिथंच फसगत होते: कुलपाची बाजू लागते, दुसरं टोक मिलिमीटरभर वर राहतं. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा. कांडीची सोनेरी कड एका टोकाला जास्त दिसत असेल तर ती तिरपी आहे. जुन्या मशीनमधली रॅम किंवा कार्ड पुन्हा वापरत असाल आणि ते एखादा पावसाळा बंद खोलीत पडून असेल, तर संपर्काच्या पट्ट्यांवर मळकट थर धरलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या असतात, जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नका.

व्हीजीएवर अडलं तर कार्ड काढून पुन्हा बसवा, त्याची वेगळी वीज-केबल लागलीय का बघा, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डाविनाच चालवून बघा.

सीपीयूवर अडलं तर पहिला संशय बायोसवर घ्या. सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चाललाच असं नसतं. बी४५० बोर्ड २०१८ चे, रायझन ५००० प्रोसेसर २०२० च्या अखेरीचे. बी६६० किंवा एच६१० बोर्ड १२ व्या पिढीसाठी आले, १३ वी पिढी नंतर २०२२ मध्ये आली. बी६५० बोर्डांवर २०२४ चे रायझन ९००० बसवतानाही तेच. दुकानात खोकं वर्षभर पडून असेल तर बायोस जुनाच निघणार. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाच्या सपोर्ट यादीत आपला प्रोसेसर शोधा, समोर किमान बायोस आवृत्ती लिहिलेली असते. बऱ्याच बोर्डांवर बायोस नवा करायला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्याला प्रोसेसर आणि रॅम लागत नाही, फक्त २४ पिन आणि ८ पिनची वीज लागते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल झिपमधून काढून पुस्तकात दिलेलं नाव द्या, मागच्या खुणेच्या यूएसबी पोर्टला लावा आणि बटण सुमारे तीन सेकंद दाबा. दिवा लुकलुकू लागतो, पाच-दहा मिनिटांनी आपोआप थांबतो. मध्ये वीज गेली तर सगळं अडतं. एप्रिल-मेच्या वळवात, आभाळ भरून आलेलं असताना हे काम काढू नका, आणि एवढ्या कामापुरता यूपीएस अवश्य वापरा, कारण अशा वेळी मशीन अगदी थोडीच वीज ओढते.

बायोस योग्य आहे, तरीही सीपीयूवरच? मग सीमॉस साफ करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा. पिन काढून बोर्डावरची गोल सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, परत बसवा. त्यानंतरची पहिली सुरुवात पुन्हा संथ होईल, तेव्हा वर सांगितलेले थांबण्याचे नियम परत लागू.

शेवटी प्रोसेसर काढून बघणं. इंटेल आणि एएम५ मध्ये पिना सॉकेटात असतात, एएम४ मध्ये प्रोसेसरला. टॉर्च तिरपा धरला की सॉकेटातल्या शेकडो पिनांची टोकं एकसारखी चमकतात, वाकलेली पिन त्या ओळींतून वेगळी उठून दिसते. ती बोटानं सरळ करायला जाऊ नका, शेजारच्या दोन आणखी वाकतील. एएम४ चा कूलर काढताना सरळ वर ओढू नका. कूलर आणि प्रोसेसरमधली उष्णता वाहणारी पेस्ट चिकटलेली असते आणि प्रोसेसर कुलूप लागलेलं असतानाही सॉकेटातून उपटून येतो. डावी-उजवीकडं हलकेच पिळा, सैल झाल्यावर उचला.

कॅबिनेटबाहेर चाचणी

वरचं सगळं करूनही कळत नसेल तर हाच उपाय, आणि खरं तर अंदाज बांधण्यात एक तास घालवण्याआधीच तो करावा. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिच्या बाहेरच्या बाजूनं वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, २४ पिन, ८ पिन आणि गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड, एवढंच जोडा. डिस्क नाही, समोरचे यूएसबी नाहीत, आरजीबीचे रंगीत दिवे नाहीत. स्क्रू ड्रायव्हरनं दोन पिना टेकवून चालू करा.

डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटमध्ये: स्टँडऑफ, बटण, किंवा समोरच्या यूएसबीची वाकलेली पिन. मग एकेक गोष्ट परत जोडत जा आणि प्रत्येक वेळी चालू करून बघा. नाही आला, तर दुसरी रॅम, दुसरा स्लॉट, मग ओळखीतून दुसरा एसएमपीएस आणून लावा, केबलसकट. एवढ्यानंही हलत नसेल तर उरतात बोर्ड आणि प्रोसेसर. दोघांत खराब निघण्याची शक्यता बोर्डाची बरीच जास्त असते.

जुन्या बाजारातून एसएमपीएस घेतला असेल तर जाळीतून टॉर्च मारून आत बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कितीतरी घरांत, दुकानांत शिरलं होतं. पाण्यात बुडालेला एसएमपीएस वाळवल्यावर चालूही होतो, पण आतला गाळ दमट हवेत ओल धरतो. मातीचा थर दिसला तर तो वापरू नका, स्वस्तात मिळाला असला तरी.

चालू होऊन थोड्या वेळात बंद पडते

डिस्प्ले येतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत मशीन बंद होते, तर कूलरकडं बघा. खालच्या पट्टीवरचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलेलं असतं, किंवा चार पायांपैकी एक लागलेला नसतो. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचं तापमान बघा. ३५ ते ५५ अंशांत स्थिर असेल तर ठीक, डोळ्यांदेखत ८०-९० कडं चढत असेल तर लगेच बंद करा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. कूलरचे स्क्रू तिरक्या जोडीनं थोडे-थोडे आवळा. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला की सॉकेटवर तिरपा दाब येतो, आणि गंमत वाटेल, पण त्यानं दोनपैकी एका बाजूची रॅमच दिसेनाशी होते. ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश आला तर पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा.

लोगो येतो पण पुढं जात नाही आणि डिस्क बायोसमध्ये दिसत नाही, तर बोर्डावर आडवी बसणारी पट्टीसारखी एम.२ डिस्क तिरपी राहून शेवटचा बारीक स्क्रू लावायचा राहिलाय का ते बघा. डिस्क दिसतेय पण नवी आहे, तर त्यात विंडोजच नाही, पेनड्राइव्हवरून टाकायचं आहे.

दुकानात नेताना

राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या दुकानात ‘चालू होत नाही’ एवढंच सांगितलं तर तपासणी पहिल्यापासून होते. कुठला दिवा अडतो, कॅबिनेटबाहेर काय झालं, कुठली रॅम कुठल्या स्लॉटमध्ये लावून बघितली, हे कागदावर लिहून न्या. दिव्यांचा व्हिडिओ मोबाईलवर काढा. बिल, सगळी खोकी आणि सीरियल नंबरचे स्टिकर शाबूत ठेवा. जून ते सप्टेंबरमध्ये गाडीवरून नेणार असाल तर बोर्ड आधी त्याच्या पिशवीत, मग जाड प्लास्टिकमध्ये, आणि नेताना जड कूलर काढून ठेवा, खड्ड्यांच्या हादऱ्यानं तो बोर्डाला ताण देतो. इंटेल किंवा एएम५ बोर्डाचा प्रोसेसर काढला असेल तर मोकळ्या सॉकेटवर त्याचं काळं प्लास्टिकचं झाकण बसवा. पिना वाकलेल्या बोर्डाला वॉरंटी मिळत नाही, आणि झाकणाविना आलेला बोर्ड बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत. ते झाकण फेकलं असेल तर दुकानातच मागून घ्या, तिथं एखादं पडलेलं असतं.